दोन टक्क्यांच्या आत

८ डिसेंबर २०२५, सोमवार

निवड यादीत नाव लागलं! अनुक्रमांक ३७. तीनदा बघितलं, मग प्रांजलीला बघायला लावलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. कनिष्ठ सहायक. सरकारी. कायम! प्रांजली माझी खोलीतली पार्टनर, तिला सगळ्याची घाई. "आधी पेढे आण, नाचायचं मग."

पेढे आणायला चप्पल घातली आणि यादीखालची बारीक ओळ वाचली. ३० डिसेंबरला कागदपत्रांची पडताळणी. मूळ कागद सोबत आणावेत, नसल्यास निवड रद्द.

चप्पल काढून ठेवली.

मूळ कागद माझ्याकडं नाहीतच. दहावी, बारावी, पदवी, जातीचा दाखला — सगळं आमच्या कॉम्प्युटर कंपनीचे मालक रामप्रसाद सर, त्यांच्या लोखंडी कपाटात. कंपनीत लागले त्याच दिवशी जमा करून घेतलं. दोन वर्षांचा बॉण्ड, त्याआधी सोडायचं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, खोलीत उंदीर आहेत, तिथं नीट राहतील! अशी माझी अक्कल. बॉण्ड संपायला अजून आठ महिने आहेत.

९ डिसेंबर

विचारलं नाही. सर सकाळपासून चिडलेले.

१० डिसेंबर, बुधवार

विचारलं. सर हसले. "देखो मॅडम, मी काय तुम्हाला बांधून ठेवलंय का? बॉण्ड पूर्ण करा, पेपर घ्या, खुशाल जा." आवाज इतका गोड की वाटावं आपणच काहीतरी वावगं मागितलं.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात लक्ष्मीचा फोटो आहे. सर रोज सकाळी कपाट उघडून उदबत्ती ओवाळतात आणि परत कुलूप. चावी स्कूटरच्या चावीत अडकवलेली, ती पँटच्या खिशात. म्हणजे सव्वा वर्ष झालं, माझ्या मार्कशीटला रोज उदबत्ती चालू आहे! मी खुर्चीवरून बघते. निळी फाईल, खालून दुसरी. माझ्या टेबलापासून पाच पावलांवर.

आबांना अजून सांगितलं नाही. ते मेंढरं घेऊन आडूळच्या पुढं कुठंतरी कुणाच्या रानात बसलेत. निवड झाली म्हणून सांगितलं की सगळ्या पाहुण्यांना कळणार. आणि रद्द झाली तर?

१२ डिसेंबर, शुक्रवार

नवीन काम अंगावर आलं. पुण्याचा एक क्लायंट शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं पोर्टल चालवतो. जानेवारीत ते नवं करणार. त्याआधी त्यांना पाहिजे — आपल्या जिल्ह्यात लोक कुठल्या सिस्टीमवरून पोर्टल उघडतात. अँड्रॉइड किती, आयफोन किती, विंडोज किती, त्यात नवं किती, जुनं किती. जी सिस्टीम दोन टक्क्यांच्या आत येईल तिच्यावर नवं पोर्टल उघडणारच नाही. एवढ्याशा लोकांसाठी कोण राबणार, असं त्यांचं म्हणणं.

माणूस पोर्टलवर येऊन गेला की मागं एक ओळ राहते. अमुक वाजता, अमुक मशीन, त्यात अमुक सिस्टीम. वर्षभराच्या ओळी पाठवल्यात, लाखांनी. मोजा म्हणे.

सर जाता जाता म्हणाले, "ते जुनं विंडोज सेव्हन दोनच्या आत बसलं पाहिजे बरं का. क्लायंटची तशी अपेक्षा आहे." मोजायच्या आधीच उत्तर! मग मला कशाला बसवलंय? अपेक्षाच छापून द्या ना.

१५ डिसेंबर, सोमवार

आज पाण्याचा दिवस, आठव्या दिवशी एकदाचं आलं नळाला. बादल्या, पिंप, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. उस्मानपुऱ्यात ऑफिसला पोचायला वीस मिनिटं उशीर. सरांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

आकडा आला. विंडोज सेव्हन — सहा पूर्णांक दोन टक्के. सर म्हणाले, "चुकलंय काहीतरी. परत मोजा." मी म्हटलं, दोनदा मोजलंय. "मग तिसऱ्यांदा मोजा. आणि मॅडम, तुमच्या पडताळणीची तारीख तीस ना?"

तारीख मी त्यांना सांगितलीच नव्हती! यादी शोधून बघितली असणार. घरी येईपर्यंत नुसते कान तापलेले. इकडं आड, तिकडं विहीर.

१६ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी आबांचा फोन. आवाज ऐकून न राहवून सगळंच सांगितलं. निवड, कपाट, मोजणी, सगळं. आबांना अक्षर येत नाही, पण सिस्टीम म्हणजे काय ते बरोबर धरलं — "मंजे येकेक फोनाची जात." व्हय आबा, तसंच.

मग म्हणाले, "तू वाघरीच्या तोंडाशी बसून मोजतीस."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आबा म्हणाले, "तोंडाशी बसलं की येकच खोडील मेंढी चारदा आतबाहेर करती. तू चार धरल्यास. कळप वाढला म्हून खुश होऊ नको, मेंढी येकच हाय."

मी उडालेच! मी येणं मोजलं होतं, मशीन मोजलंच नव्हतं! पाचोडचं एक मशीन एकट्यानं नऊ हजार वेळा पोर्टलवर आलेलं. नऊ हजार! असली खोडील मेंढी असल्यावर कळप सहा टक्के होणारच.

१७ डिसेंबर, बुधवार

प्रत्येक मशीन एकदाच धरलं. एकूण मशिनं ४८,६००. विंडोज सेव्हनची ६३०. एक पूर्णांक तीन टक्के!!

दोनच्या आत! आणि खोटं काही केलं नाही, चूक होती ती सुधारली. सरांनी स्वतः खाली जाऊन चहा सांगितला, हे आजवर झालेलं नाही. म्हणाले, "चोवीसला रिपोर्ट जाईल, खाली तयार करणार म्हणून तुमची सही. तो गेला की तुमच्या फाईलचं बघून टाकू. चांगल्या माणसाला अडवणारा मी नाही."

प्रांजली म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला तुझा!" पेढे आणले. अर्धे तिनंच खाल्ले.

१८ डिसेंबर, गुरुवार

पण ते पाचोडचं मशीन डोक्यातून जाईना. नऊ हजार वेळा येऊन ते करतंय काय? आज सहज बघितलं. त्या एका मशीनवरून गेल्या वर्षी ४१८ अर्ज भरलेत. अर्जावर केंद्राचं नाव असतं. वाचलं.

बिभीषणदादाचं दुकान.

माझा दहावीनंतरचा पहिला अर्ज त्यानंच भरला होता. आबा मेंढरामागं, आई आबांमागं. मी एकटी बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात. आज काही लिहावंसं वाटत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

बीडच्या गाडीनं पाचोडला जाऊन आले. का गेले माहीत नाही. जायला नको होतं.

बाजार भरलेला. दुकान तेच, पाटी तीच, कॉम्प्युटरही तोच! तेव्हा नवा कोरा होता, दादा त्याला हात लावू द्यायचा नाही. आता कीबोर्डवरची अक्षरं गेलीत, पण दादाच्या बोटांना माहीत आहेत. "सरे! शेरातली मॅडम झालीस म्हन की!" बसायला खुर्ची दिली. स्वतः तेलाच्या डब्यावर बसला.

मी विचारलं, दादा, हे बदलत का नाही? तो म्हणाला, "बदलला होता ना. नवीन आनला तर स्कॅनर त्याला वळखीना, अंगठ्याचं मशीन वळखीना. नव्याला नवंच सगळं पायजे. मंग त्यो दिला परत, ह्यो आनला माघारी." आणि नेट गेलं की परत परत तेच बटण. पोर्टल अर्ध्यात बंद पडतं, हा परत उघडतो. शिव्या देत देत. नऊ हजार वेळा का, ते कळलं.

बाकड्यावर मनकर्णाबाई नावाची म्हातारी. नात सुकेशनी अकरावीला, तिचा अर्ज. मी म्हटलं, मावशी, घरी फोन असेल ना, त्यावर नाही का भरता येत? म्हणाली, "फोन हाय की. पर तो मेंढरामागं हाय."

आख्खं दुकान हसलं. मीही हसले. मग लक्षात आलं. फोन बापाजवळ, बाप रानात, पोरगी शाळेच्या गावात आजीपाशी. फोटो काढून टाकलेला दाखला पोर्टल घेत नाही, स्कॅनच लागतो. म्हणून बाजाराच्या दिवशी तेल-मीठ घ्यायचं आणि बिभीषणकडं अर्ज भरायचा. चार-पाच कोसांवरनं येतात.

दादाकडं वह्या आहेत. ज्याचा अर्ज भरला त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. मला न विचारता त्यानं २०१५ ची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली. "ह्ये बघ. सरिता मुंजाबा. तवा रडत होतीस, फोटो नव्हता म्हून."

मी मशीन एक धरलं होतं. त्या एकात चारशे अठरा पोरं होती.

परतीच्या गाडीत उभी राहून आले. बसायला जागा होती, पण बसवेना.

२२ डिसेंबर, सोमवार

तिसऱ्यांदा मोजलं. येणं नाही, मशीन नाही — भरून पूर्ण झालेले अर्ज. फोनवरून लोक नुसतं बघतात, अर्ज भरायला दुकानातच जातात. जिल्ह्यात एकूण २३,४००. त्यातले विंडोज सेव्हनवरून ४,०१२.

सतरा टक्के.

सरांपुढं ठेवलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले, चष्मा वर केला. "मॅडम, हा एक पॉइंट तीन खोटा आहे का?" नाही सर. "बेरीज चुकली आहे का?" नाही सर. "मग मी तुम्हाला खोटं कुठं सांगायला लावतोय? क्लायंटनं सिस्टीम किती वापरात आहेत विचारलंय. पोरं किती आहेत विचारलंय का?"

 आत्ता उत्तरं सुचतायत, चांगली दहा! तिथं नुसते कागद गोळा केले. नजर कपाटावर. निळी फाईल, खालून दुसरी.

२३ डिसेंबर, मंगळवार

आबांना फोन लावला. मेंढरं किती झालीत आता, विचारलं. खवळले — "आकडा इचारू नको, नजर लागती! सांज झाली की तोंडं बघायची. कोन नाय आलं ते कळतंय." मग हळूच, "तुजे कागद मिळतील ना गं?" त्यांनी पाहुण्यांत सांगून टाकलंय. आईनं देवाला नारळ बोललाय.

२४ डिसेंबर, बुधवार

सतरा टक्के मी तळटीप म्हणून टाकलं. अगदी बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर, कुणाच्या डोळ्यात खुपू नये असं. सरांनी ती ओळ माझ्याच समोर खोडली. "क्लायंट गोंधळतो."

आणि पेन पुढं केलं.

लिहिते आहे ते कुणी वाचणार नाही, तर खरंच लिहिते. मी तिथं फार वेळ थांबलेच नाही. मोठा विचार केला, हात थरथरला, असलं काही नाही. पटकन केली सही. सुटायचं होतं मला. खाली "तयार करणार" आणि माझं पूर्ण नाव, आबांच्या नावासकट.

२६ डिसेंबर, शुक्रवार

फाईल मिळाली. सरांनी शब्द पाळला, हे मात्र म्हणायला पाहिजे. राजीनामाही घेतला, "ऑल द बेस्ट" म्हणाले, हातावर साखर ठेवली. कागदांना उदबत्तीचा वास लागलाय. खिडकीत पसरून ठेवले. वास जात नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

पडताळणी झाली. चार मिनिटांत! त्या माणसानं प्रत्येक कागद उजेडात धरला, शिक्का मारला, पुढचा. आईनं लगेच नारळ फोडला म्हणे. मला हलकं वाटायला पाहिजे होतं.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

सकाळी साडेदहाला बिभीषणदादाचा फोन. त्याच्याकडं माझा नंबर आहे हेच मी विसरले होते. पोर्टल उघडेना. पडद्यावर एकच ओळ येते, त्यानं मला वाचून दाखवली, अडखळत, एकेक शब्द — "आपली सिस्टीम वापरणारे अत्यल्प असल्यामुळे ही सेवा बंद करण्यात आली आहे."

"सरे, अत्यल्प मंजे?"

लई कमी, मी म्हटलं.

"कमी कुठं हाओत? बाकड्यावर जागा नाय बसायला! तू ह्याच लायनीतली हायेस. वळखीचं कुनी असंल तर सांग की त्यांना, आमी लई जन हाओत म्हून. कुनीतरी येड्यानं चुकीचं मोजलंय."

बघते दादा, म्हटलं. आणि ठेवला.

१३ जानेवारी

पुण्याच्या क्लायंटला मेल लिहिली. सतरा टक्क्यांचा तक्ता जोडला. उत्तर आलं — तुमच्याच सहीचा रिपोर्ट आमच्याकडं आहे, आपण कोणता आकडा मागं घेताय ते आपल्या कंपनीमार्फत कळवावं. कंपनी! तिथं आता मी कोण?

१९ जानेवारी, सोमवार

दादाचे तीन फोन. उचलले नाहीत. प्रांजली म्हणाली, "कोण आहे गं हा, इतका मागं लागलाय?" मी म्हटलं, गावाकडचा. तिनं भुवई उडवली. मी फोन पालथा ठेवला. लाज वाटते लाज.

३१ जानेवारी, शनिवार

आज शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख होती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नेमणुकीचा आदेश हातात. दोन मार्चला हजर व्हायचं. टेबल अजून ठरलेलं नाही. आबांना वाचून दाखवला, त्यांनी परत वाचायला लावला. मागं मेंढरं ओरडत होती. "आता कुनी कोंडनार नाय तुला," म्हणाले. मी व्हय म्हटलं.

२ मार्च, सोमवार

पहिला दिवस. टेबल मिळालं — शिष्यवृत्ती. ज्यांचे अर्ज ऑनलाइन गेले नाहीत त्यांचे हातानं लिहिलेले घ्यायचे, असा नवा आदेश. मुदत शुक्रवारपर्यंत.

साडेअकराला बिभीषणदादा दारात. खांद्यावर खताची गोणी, गोणीत अर्ज. तीनशे ब्याण्णव. मला बघून गोणी तशीच धरून उभा राहिला. "तू?"

शेजारच्या टेबलावरून मोठे बाबू बद्रीनाथ साहेब म्हणाले, "एकाच माणसानं आणलेत ना मॅडम? मग एकच आवक नंबर टाका. गठ्ठा — एक. जेवायच्या आत मोकळ्या व्हाल."

मी दादाला सांगून टाकलं. सगळ्यांदेखत. तो येड्यानं मोजलेला आकडा माझा होता, सही माझी होती. माझ्या कागदांसाठी केली.

त्यानं गोणी खाली ठेवली.  गोणीचं तोंड सोडत बसला, गाठ सुटेना. मग वरचा अर्ज काढला, डोळ्यांजवळ धरला. "वाचतो. लिव्ह."

आवक क्रमांक १. सुकेशनी. मग २. मग ३. प्रत्येकीला, प्रत्येकाला वेगळा नंबर, वेगळी ओळ, बापाचं नाव, गाव. बद्रीनाथ साहेबांनी दोनदा डोळे वटारले, तिसऱ्यांदा रजिस्टरचं दुसरं पुस्तक आणून आदळलं. पाच वाजेपर्यंत १६३ झाले. उरलेले २२९ उद्या. दादा शेवटच्या गाडीनं गेला नाही, थांबलाय.